रस्ता ओलांडण्याची किंमत : शहरांतील पादचारी सुरक्षेचे अर्थकारण

भारतातील रस्त्यांवर २०२२ या एका वर्षात १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या वार्षिक अहवालानुसार त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते, म्हणजे दररोज सरासरी ९०. २०१६ साली हीच संख्या १५,७४६ होती. या सहा वर्षांत रस्ते अपघातांतील एकूण मृत्यू सुमारे १२ टक्क्यांनी वाढले. पादचाऱ्यांचे मृत्यू मात्र दुपटीहून अधिक झाले. हे आकडे ग्रामीण व शहरी अशा सर्व रस्त्यांचे आहेत आणि वाढीचा काही भाग नोंदणीत झालेल्या सुधारणेचाही असू शकतो. तथापि नोंदणीतील त्रुटी लक्षात घेतल्या तर चित्र अधिकच गंभीर होते. भारताच्या महानिबंधकांच्या नमुना नोंदणी व्यवस्थेवर आधारित ‘दशलक्ष मृत्यू अभ्यासा’त २००१ ते २००३ या काळातील मृत्यूंची घरोघरी जाऊन चौकशी करण्यात आली होती. रस्ते अपघातांत मरण पावलेल्यांपैकी सुमारे ३७ टक्के व्यक्ती पादचारी होत्या, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष होता. पोलिसांच्या नोंदीत तेव्हा पादचाऱ्यांचा वाटा याहून कितीतरी कमी दिसत असे.

पादचारी हा शहरी वाहतुकीतील अपवाद नव्हे. २०११ च्या जनगणनेत कामाच्या ठिकाणी जाण्याच्या साधनांविषयी माहिती गोळा करण्यात आली. शेती व घरगुती उद्योग यांव्यतिरिक्त अन्य कामे करणाऱ्यांपैकी पाचांतील एकाहून अधिक व्यक्ती पायी कामाला जातात, असे तीतून दिसले. बस, लोकल किंवा मेट्रोने जाणाऱ्यांचा प्रवासही दोन्ही टोकांना पायीच सुरू होतो आणि पायीच संपतो. शाळकरी मुले, बाजारहाट करणाऱ्या स्त्रिया आणि वृद्ध यांची गणना या आकड्यांत होतच नाही.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत रस्ता ओलांडण्याचा धोका ही ‘बाह्यता’ आहे. एखाद्या कारखान्याच्या धुराची झळ जशी त्या मालाच्या किमतीत न दिसता शेजारच्या वस्तीला सोसावी लागते, तसेच येथे घडते. वाहनचालक वेग वाढवतो तेव्हा वाचलेल्या वेळेचा लाभ त्याला मिळतो. वाढलेल्या धोक्याचा खर्च मात्र रस्त्याच्या कडेला उभी असलेली व्यक्ती उचलते. हा खर्च केवळ अपघाताचा नसतो. प्रतीक्षेत गेलेला वेळ, लांबून मारावा लागणारा वळसा, न केलेली फेरी, शाळेपर्यंत मुलाला पोहोचवण्यासाठी सोडावा लागलेला रोजगार हे सारे त्यात येते. बाजारयंत्रणा हा खर्च आपोआप कोणाच्या खात्यावर लिहीत नाही. तो कोणी सोसायचा हे रस्त्याची रचना, सिग्नलचे वेळापत्रक आणि वेगमर्यादा यांतून ठरते. म्हणजेच तो सार्वजनिक निर्णयाचा विषय आहे.

अंतर आणि प्रतीक्षा

सिग्नल नसलेला रस्ता ओलांडणारी व्यक्ती वाहनांच्या प्रवाहात पुरेशी मोठी फट मिळण्याची वाट पाहत असते. ती किती वेळ वाट पाहील याचा अंदाज साध्या गणिताने बांधता येतो. उदाहरणादाखल १४ मीटर रुंदीचा, दुभाजक नसलेला चार मार्गिकांचा रस्ता घेऊ. त्यावर दोन्ही दिशांनी मिळून तासाला १,५०० वाहने जातात, असे मानू. वाहतूक नियोजनात चालण्याचा वेग सामान्यतः सेकंदाला १.२ मीटर धरला जातो. त्यानुसार रस्ता ओलांडण्यास सुमारे १२ सेकंद लागतील. वाहने मात्र सरासरी दर २.४ सेकंदांना एक याप्रमाणे येत आहेत. ती यादृच्छिक अंतराने येतात असे गृहीत धरल्यास १२ सेकंदांची फट मिळण्यासाठी सरासरी सुमारे ३४२ सेकंद, म्हणजे पावणेसहा मिनिटे थांबावे लागेल.

आता याच रस्त्याच्या मध्यभागी पादचाऱ्यांना सुरक्षित उभे राहता येईल असा आश्रयथांबा बांधला, तर काय होईल? रस्ता दोन टप्प्यांत ओलांडता येईल. प्रत्येक टप्पा ६ सेकंदांचा असेल आणि प्रत्येक टप्प्यात एकाच दिशेची, तासाला ७५० वाहने विचारात घ्यावी लागतील. सरासरी प्रतीक्षा प्रत्येक टप्प्यात सुमारे ६ सेकंद, म्हणजे एकूण १२ सेकंदांवर येते. वाहने तेवढीच, रस्ता तोच, वाहनांचा वेगही तोच. फरक काय तो मधल्या काही चौरस मीटर उंचवट्याचा.

प्रत्यक्ष रस्त्यावर वाहने गटागटाने येतात आणि लोकही पावणेसहा मिनिटे थांबत नाहीत. त्यामुळे हे आकडे तंतोतंत लागू होणार नाहीत. परंतु लोक थांबत नाहीत याचा अर्थ नीट समजून घ्यावयास हवा. ते पुरेशी नसलेली फट पत्करतात, एकेक मार्गिका ओलांडत वाहनांच्या मधोमध उभे राहतात, हात दाखवून वाहने थांबवण्याचा प्रयत्न करतात. ज्याला सर्रास ‘पादचाऱ्यांची बेशिस्त’ म्हटले जाते, तिचा मोठा भाग या प्रतीक्षेतून जन्माला येतो. वर्तनात दोष शोधणे सोपे असते, कारण त्यासाठी रस्ता खणावा लागत नाही.

आपल्या शहरांत दुभाजक नाहीत असे नव्हे. पण ते बहुधा वाहनांना वळण्यापासून रोखण्यासाठी बांधलेले, उंच, अरुंद आणि लोखंडी जाळीचे असतात. त्यांवर चढून उतरणारी व्यक्ती आश्रय घेत नसते, तर अडथळा पार करत असते. आश्रयथांब्याचा उपयोग व्हायचा असेल तर त्यातील चालण्याची वाट रस्त्याच्या पातळीला हवी आणि चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी मावेल इतकी रुंदी हवी.

ओलांडण्याचे अंतर कमी करण्याचा दुसरा उपाय चौकाच्या कोपऱ्यात आहे. वाहनांना वेगाने वळता यावे म्हणून कोपरे मोठ्या त्रिज्येचे, पसरट केले जातात. परिणामी पादचाऱ्याचे अंतर वाढते आणि वळणाऱ्या वाहनाचा वेगही वाढतो. डावीकडील मुक्त वळण हा याचाच पुढचा टप्पा होय. चौकातील सर्व दिशांना लाल दिवा असला तरी डावीकडे वळणारा प्रवाह अखंड चालू राहतो आणि पदपथावरून उतरणाऱ्याला पहिल्याच पावलाला त्याचा सामना करावा लागतो. कोपरा आवळून पदपथ पुढे आणला की वाहनचालकाला वेग कमी करणे भाग पडते. त्यासाठी पोलीस उभा करण्याची गरज राहत नाही.

कोणाची गणना होते?

कोणत्या जागी नियंत्रित पादचारी ओलांडमार्ग द्यावा, हे ठरवण्यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूत्रांत एक निकष होता. गर्दीच्या तासातील पादचाऱ्यांची संख्या आणि वाहनसंख्येचा वर्ग यांचा गुणाकार दुभाजक नसलेल्या रस्त्यावर १० कोटींहून अधिक, तर दुभाजक असलेल्या रस्त्यावर २० कोटींहून अधिक असावा, असा तो निकष. मूळचा ब्रिटिश असलेला हा निकष आजही अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात शिकवला जातो. वरच्या उदाहरणातील रस्त्याला तो लावून पाहू. तासाला १,५०० वाहने असताना १० कोटींची मर्यादा गाठण्यासाठी किमान ४५ पादचारी लागतात. पाहणीच्या दिवशी ४० जणांनीच रस्ता ओलांडला, तर ओलांडमार्गाची गरज सिद्ध होत नाही.

परंतु जेथे सरासरी पावणेसहा मिनिटांची प्रतीक्षा आहे, तेथे किती जण रस्ता ओलांडण्यास येतील? वृद्ध व्यक्ती पलीकडच्या दुकानात जाणे सोडून देते. पालक मुलाला पायी पाठवण्याऐवजी दुचाकीवरून सोडतात, आणि त्या दुचाकीमुळे वाहनसंख्या आणखी एकाने वाढते. ही ‘दबलेली मागणी’ पाहणीत दिसत नाही. नदीवर पूल बांधण्यापूर्वी किती लोक पोहून पलीकडे जातात याची मोजदाद करण्यासारखेच हे आहे. त्याच सूत्रांत अपघातांचा पर्यायी निकषही होता : वर्षभरात पाच किंवा अधिक पादचारी जखमी झाले असतील, तर ती जागा पात्र ठरे. म्हणजे मागणी सिद्ध करण्याचा तो दुसरा मार्ग! या मार्गदर्शक सूत्रांच्या २०१२ व २०२२ मधील सुधारित आवृत्त्यांत पादचाऱ्यांच्या सोयीकडे अधिक व्यापक दृष्टीने पाहण्यात आले आहे. तरीही ‘येथे फारसे कोणी रस्ता ओलांडत नाही’ हा युक्तिवाद अजून ऐकू येतो.

गणनेचा असाच प्रश्न रस्त्याच्या क्षमतेबाबत उद्भवतो. निरनिराळी वाहने एका मापात आणण्यासाठी ‘प्रवासी मोटार एकक’ वापरले जाते. मोटारीचे मूल्य १ धरून दुचाकी, रिक्षा, बस, ट्रक यांना त्या प्रमाणात मूल्ये दिली जातात. हे एकक रस्त्यावर व्यापलेली जागा मोजते, नेलेली माणसे नव्हे. साठ प्रवाशांची बस त्यात एकट्या चालकाच्या मोटारीच्या काही पट ‘भार’ ठरते, आणि पादचाऱ्याला त्या कोष्टकात मुळी स्थानच नाही. चौकातील सिग्नलचे वेळापत्रक जेव्हा या एककांच्या आधारे ठरते, तेव्हा त्याच्या विलंबाचे मूल्य शून्य धरले जाते. २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणाने रस्त्यावरील जागेचे वाटप वाहनांऐवजी माणसे केंद्रस्थानी ठेवून व्हावे, अशी भूमिका घेतली. धोरणातील हे वाक्य वाहतूक पाहणीच्या तक्त्यांपर्यंत पोहोचण्यास मात्र बराच काळ लागत आहे.

वेगाचे गणित

पादचारी वाचतो की नाही, हे ठरवणारा सर्वांत निर्णायक घटक म्हणजे धडकेच्या क्षणी असलेला वाहनाचा वेग. वस्तूची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ३० किलोमीटरच्या तुलनेत ताशी ५० किलोमीटर वेगाच्या वाहनाची ऊर्जा सुमारे २.८ पट असते. परंतु खरा फरक धडकेपूर्वीच पडलेला असतो. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत चालकाला दीड सेकंद लागतो, आणि कोरड्या रस्त्यावर ब्रेक लावल्यावर वेग प्रतिसेकंद ६ मीटर प्रतिसेकंद या दराने घटतो, असे मानू. ताशी ३० किलोमीटर वेगाचे वाहन सुमारे १८ मीटरांत पूर्ण थांबते. ताशी ५० किलोमीटर वेगाच्या वाहनाला ३७ मीटर लागतात, आणि त्यांपैकी जवळजवळ २१ मीटर अंतर ब्रेक लागण्यापूर्वीच कापले जाते. आता २० मीटरवर एखादे मूल रस्त्यात उतरले असे समजा. पहिले वाहन त्याच्या अलीकडे थांबेल. दुसरे वाहन ब्रेक लागण्याच्या आतच, पूर्ण वेगाने त्याच्यावर आदळेल. पावसाळ्यातील ओल्या रस्त्यावर हा फरक आणखी वाढतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सरासरी वेगात १ टक्का वाढ झाल्यास प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोम येथे झालेल्या जागतिक मंत्रिस्तरीय परिषदेच्या जाहीरनाम्यात, जेथे पादचारी व वाहने वारंवार एकत्र येतात तेथे कमाल वेग ताशी ३० किलोमीटर असावा, असा आग्रह धरण्यात आला. भारतात केंद्र सरकारच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेनुसार महापालिका हद्दीतील रस्त्यांवर मोटारींसाठी ताशी ७० आणि दुचाकींसाठी ताशी ६० किलोमीटर ही कमाल मर्यादा आहे. राज्ये व स्थानिक प्राधिकरणे ती कमी करू शकतात, आणि अनेक शहरांत ती केलेलीही आहे. पण फलकावरील मर्यादा आणि रस्त्याने सुचवलेला वेग यांत तफावत असेल, तर चालक रस्त्याचे ऐकतो. रुंद, सरळ, मोकळ्या रस्त्यावर ताशी ३० चा फलक लावून वेग कमी होत नाही.

म्हणूनच उंचावलेल्या ओलांडमार्गाचे महत्त्व आहे. यात पदपथ खाली रस्त्यावर उतरत नाही. रस्ताच सौम्य उताराने पदपथाच्या पातळीपर्यंत, म्हणजे साधारण १५ सेंटिमीटर वर येतो आणि पुन्हा खाली जातो. पादचारी एकाच पातळीवर चालतो, चढण्याउतरण्याचा अडथळा वाहनाच्या वाट्याला येतो. प्राधान्य कोणाचे, हे येथे फलकावर लिहावे लागत नाही. पट्टे पुसले गेले तरी अशा मार्गाचा उपयोग टिकून राहतो, हा त्याचा आणखी एक लाभ.

केवळ पट्ट्यांवर विसंबण्याचे धोके अभ्यासांतून पुढे आले आहेत. ब्रिटनमध्ये १९५१ साली झेब्रा पट्टे अधिकृतपणे आले ते पट्ट्यांवर उतरलेल्या पादचाऱ्याला वाहनाने वाट द्यावी, या बंधनकारक नियमासह. इतरत्र अनेकदा रंग आला, पण नियमाची सवय आली नाही. अमेरिकेच्या संघीय महामार्ग प्रशासनासाठी ३० शहरांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पट्टे असलेल्या १,००० आणि पट्टे नसलेल्या १,००० जागांची तुलना करण्यात आली. दोन मार्गिकांच्या रस्त्यांवर दोहोंत विशेष फरक आढळला नाही. मात्र अनेक मार्गिकांच्या, भरपूर रहदारीच्या आणि उंच दुभाजक नसलेल्या रस्त्यांवर केवळ पट्टे रंगवलेल्या जागी अपघातांचे प्रमाण अधिक आढळले. त्यामागे एक यांत्रिक कारण आहे. पहिल्या मार्गिकेतील वाहन सौजन्याने थांबते. त्याच्या आडोशामुळे शेजारच्या मार्गिकेतील चालकाला पादचारी दिसत नाही आणि पादचाऱ्याला ते वाहन दिसत नाही. थांबलेले वाहन बस असेल तर धोका अधिकच. अशा रस्त्यांवर पट्ट्यांसोबत आश्रयथांबा, उंचावलेला मार्ग किंवा सिग्नल यांपैकी काहीतरी असणे अनिवार्य मानावे लागेल. पुरेशा प्रकाशयोजनेचाही यात समावेश करावयास हवा. देशातील रस्ते अपघातांपैकी सुमारे एकपंचमांश अपघात संध्याकाळी ६ ते ९ या तीन तासांत घडतात.

सिग्नलचे सेकंद

दुभाजकासह २३ मीटर रुंद असलेला सहा मार्गिकांचा रस्ता सेकंदाला १.२ मीटर या वेगाने ओलांडण्यास १९ सेकंद लागतात. वृद्ध किंवा गुडघेदुखीने त्रस्त व्यक्ती सेकंदाला ०.९ मीटर वेगाने चालली, तर २६ सेकंद लागतील. पादचाऱ्यांचा हिरवा दिवा २० सेकंदांचा असेल तर ही व्यक्ती शेवटच्या मार्गिकांत असतानाच वाहने सुटतात. हे सहा सेकंद तिला मिळाले, तर वाहनांच्या वाट्याला येणारा वेळ १२० सेकंदांच्या आवर्तनाच्या ५ टक्के इतका घटतो. ही खरी देवघेव आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही.

आवर्तन जितके लांब, तितकी पादचाऱ्याची प्रतीक्षा लांब. दिल्लीतील सात सिग्नलयुक्त चौकांत दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी केलेला, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या संदर्भात उल्लेखनीय आहे. वैद्यकीय संशोधनात रुग्णांच्या जीवितकालाच्या विश्लेषणासाठी वापरली जाणारी सांख्यिकी पद्धती त्यांनी पादचाऱ्यांच्या प्रतीक्षेला लावली. प्रतीक्षा वाढत जाते तसा संयम सुटतो आणि लोक लाल दिव्यातच रस्ता ओलांडू लागतात. स्त्रियांच्या तुलनेत पुरुष अधिक लवकर, असे त्यातून दिसले. याचा धोरणात्मक अर्थ असा की लहान आवर्तन हा केवळ सोयीचा नव्हे, तर सुरक्षेचाही उपाय आहे.

पूल, भुयार की समतल मार्ग?

पादचाऱ्यांच्या प्रश्नावर सर्वांत लोकप्रिय उत्तर म्हणजे पादचारी पूल. तो दिसतो, त्याचे उद्घाटन करता येते आणि त्यामुळे वाहनांचा एक सेकंदही जात नाही. पण पुलाखाली वाहनांसाठी किमान ५.५ मीटर उंची सोडावी लागते. १५ सेंटिमीटरची एक याप्रमाणे चढताना सुमारे ३७ पायऱ्या आणि उतरताना तितक्याच. पुलाची जाडी यात धरलेली नाही. जिन्याऐवजी चाकाच्या खुर्चीसाठी १ : १२ उताराचा मार्ग द्यायचा तर प्रत्येक बाजूस किमान ६६ मीटर लांबी लागते, शिवाय मधले विसावे वेगळे. उद्वाहन बसवले तर ते सुरू ठेवण्याचा खर्च कायमचा. अर्थशास्त्रातील संधी खर्चाची संकल्पना येथे थेट लागू पडते : पुलावरून जाण्यासाठी लागणारा वेळ व श्रम हे खालच्या धोक्यापेक्षा जड वाटले, की लोक खालून जातात. भुयारी मार्गाबाबत यात रात्रीच्या सुरक्षिततेची, विशेषतः स्त्रियांच्या सुरक्षिततेची, आणि पावसाळ्यात साचणाऱ्या पाण्याची भर पडते.

पूल सर्वत्र निरर्थक असतो असे नाही. रेल्वे स्थानकाचे फलाट मुळात उंचीवरील पुलाला जोडलेले असतील, तर तेथून पुढे निघणारा उन्नत मार्ग नैसर्गिक ठरतो. मुंबई महानगर प्रदेशात २००८ मध्ये वांद्रे येथून सुरू झालेल्या स्कायवॉकच्या मालिकेचा अनुभव याची साक्ष देतो. स्थानकाशी सरळ जोडलेले, गर्दीच्या दिशेने जाणारे मार्ग वापरले गेले, इतर अनेक ओस पडले. द्रुतगती मार्गांवरही पर्याय मर्यादित असतात. मात्र शाळा, बाजार, रुग्णालये यांच्या वस्तीतील रस्त्यावर समतल ओलांडमार्ग हाच पहिला पर्याय असावयास हवा. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यानंतर तर जिन्याचा एकमेव पर्याय समर्थनीय राहत नाही.

नियोजित शहरेही या प्रश्नातून सुटलेली नाहीत. चंडीगडच्या आराखड्यात ल कॉर्ब्युझिए यांनी रस्त्यांची सात प्रकारांत श्रेणीबद्ध रचना केली आणि हिरव्या पट्ट्यांतून जाणाऱ्या पायवाटांना त्यांत स्वतंत्र स्थान दिले. सेक्टरच्या आत चालणे सुखद असते. पण प्रत्येक सेक्टर वेगवान रस्त्यांनी वेढलेला आहे, आणि एका सेक्टरमधून दुसऱ्यात जाणाऱ्याला तो वेगवान रस्ता ओलांडावाच लागतो. वाहने व माणसे वेगळी केली तरी त्यांच्या वाटा कोठे तरी छेदतातच; सुरक्षेची खरी परीक्षा त्या छेदबिंदूवर होते.

कायदा आणि जबाबदारी

मोटार वाहने (वाहनचालन) विनियम, २०१७ यांनी १९८९ चे जुने विनियम मागे सारले. त्यांनुसार ओलांडमार्गाजवळ वेग कमी करणे आणि त्यावरील पादचाऱ्याला वाट देणे हे चालकाचे कर्तव्य आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने दोन महत्त्वाच्या तरतुदींची भर घातली. कलम १३८(१अ) अन्वये पादचारी व बिगरयांत्रिक वाहने यांच्याविषयी नियम करण्याचा अधिकार राज्यांना मिळाला. कलम १९८अ नुसार रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल यांची विहित मानके न पाळल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व ओढवल्यास संबंधित प्राधिकरण, कंत्राटदार किंवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम किरकोळ आहे. परंतु दोष केवळ चालकाचा किंवा पादचाऱ्याचा नसून रचनेचाही असू शकतो, हे तत्त्व कायद्यात आले, ही मोठी गोष्ट होय.

कोइमतूर येथील एका अस्थिशल्यविशारदाने २०१२ मध्ये दाखल केलेल्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी आदेश दिले आहेत. मे २०२५ मध्ये न्यायालयाने अडथळामुक्त, दिव्यांगस्नेही पदपथाचा वापर हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले. ऑक्टोबर २०२५ मध्ये पदपथ व ओलांडमार्ग यांच्या तपासणीचे निर्देश देण्यात आले. तसेच कलम १३८(१अ) व राज्यांतील रस्त्यांच्या मानकांविषयीचे कलम २१०ड यांखालील नियम, ते झालेले नसल्यास, सहा महिन्यांत करण्यास राज्यांना सांगण्यात आले.

नियम झाले तरी ते राबवणार कोण, हा प्रश्न उरतो. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत ‘रस्ते व पूल’ आणि पथदिवे, बसथांबे यांसारख्या नागरी सोयी हे विषय नागरी स्वराज्य संस्थांकडे सोपवण्याची तरतूद आहे. वाहतूक पोलीस मात्र राज्याच्या गृह विभागाच्या अखत्यारीत असतात. बसथांबा परिवहन उपक्रम ठरवतो, मेट्रोचे प्रवेशद्वार मेट्रो महामंडळ. बसथांबा एकीकडे आणि ओलांडमार्ग दोनशे मीटर पलीकडे, हे दृश्य या विभागणीतून निर्माण होते. थांब्यावर उतरलेला प्रवासी अर्थातच दोनशे मीटर चालत जात नाही.

चेन्नई महापालिकेने २०१४ मध्ये बिगरयांत्रिक वाहतुकीचे धोरण स्वीकारले. देशातील एखाद्या शहराचे असे ते पहिलेच धोरण मानले जाते. वाहतुकीवरील तरतुदीपैकी किमान ६० टक्के रक्कम पादचारी व सायकलस्वार यांच्या सोयींसाठी राखण्याचे आणि २०१८ पर्यंत त्यांचे अपघाती मृत्यू शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट त्यात होते. पुण्याच्या महापालिकेनेही २०१६ मध्ये स्वतंत्र पादचारी धोरण मंजूर केले. चेन्नईत पुढील काळात अनेक रस्त्यांवर रुंद, सलग पदपथ झाले. त्यागरायनगरातील पाँडी बाजार येथे नोव्हेंबर २०१९ मध्ये पादचारी चौपाटीसारखा प्रशस्त मार्ग खुला झाला, आणि तेथे खरेदीला येणाऱ्यांनी तो लगेच आपलासा केला. मृत्यू शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट मात्र साध्य झाले नाही. पालिकेचे धोरण पालिकेच्या मालकीच्या रस्त्यांवर चालले. अण्णा सालैसारखे शहरातील अनेक रुंद आणि वेगवान मुख्य रस्ते राज्याच्या महामार्ग विभागाकडे आहेत.